रांगोळीचा हिंदी महासागर: एक अंश म्हणजे एक वीत

आमच्या चोपडा तालुक्यापासून समुद्र सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. सहावीच्या वर्गात एकदा विचारलं, समुद्र कोणी कोणी पाहिलाय? एकतीस पोरांपैकी चार हात वर आले. चौघंही सुरतवाले. कुणाचा मामा उधन्याला यंत्रमागावर, कुणाचे काका लिंबायतला. मुंबई-कोकण कुणाच्याच नशिबी नाही. त्यातला एक ठासून म्हणाला, "मॅडम, समुद्र काळा ऱ्हास." म्हणजे काळा असतो. तो डुमसला जाऊन आला होता, आणि तिथली वाळू खरंच काळी आहे. बाकीच्यांनी समुद्र पुस्तकात पाहिलेला, तो निळा. वर्गात दोन तट पडले आणि तास तिथेच संपला.

पुस्तकातला हिंदी महासागर तळहाताएवढा. "जगातला तिसऱ्या क्रमांकाचा महासागर" एवढं पोरं पाठ करतात आणि पान उलटतात. म्हणून गेली सहा वर्षं मी तो दर जानेवारीत शाळेच्या मैदानावर काढते. आजूबाजूच्या शाळांतल्या दोघा-तिघांनी पद्धत लिहून मागितली, ती ही. माझ्या चुकाही लिहिते आहे, म्हणजे त्या तुम्हाला नव्याने कराव्या लागणार नाहीत.

सामान आणि जागा

पांढरी रांगोळी बारा किलो, निळी आणि लाल दोन-दोन किलो, एक लांब दोर, गवंड्याची टेप, पाण्याच्या बादल्या, मूठ-दोन मूठ काळी खडी, केळीची दोन रिकामी खोकी, आणि अंशांच्या रेषा स्पष्ट छापलेले दोन नकाशासंग्रह. पहिल्या वर्षी मी खेळाच्या मैदानाला मारतात ती चुन्याची फक्की वापरली. वारा सुटला, दोन पोरींच्या डोळ्यांत गेली, त्यांचे डोळे धूत बसले आणि महासागर आफ्रिकेपाशीच राहिला. चुना नकोच.

मैदान पूर्व-पश्चिम २९ मीटर आणि उत्तर-दक्षिण २० मीटर लागतं. खो-खोच्या मैदानापेक्षा थोडं रुंद. उत्तर दिशा मोबाइलवर बघून घ्या, अंदाजाने धरू नका. माझा पहिला महासागर चांगलाच वाकडा होता आणि हे उन्हावरून एका पोराच्याच लक्षात आलं.

प्रमाण अगदी सोपं आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर धरले की एक अंश २२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक वीत. पोरांची वीत लहान असते, म्हणून २२ सेंटिमीटरच्या दहा-बारा काड्या कापून वाटून टाका. त्या दिवसापुरतं किलोमीटर विसरायचं, सगळा हिशोब वितीत.

आधी ठिपके

मैदानावर पाण्याचा सडा मारून घ्या, ओल्या मातीवर रांगोळी धरून राहते. मग ठिपके. दर दहा अंशांना एक, म्हणजे दोन मीटर बावीस सेंटिमीटरवर. आडवे चौदा ठिपके, अशा दहा ओळी. हे सांगितलं की पोरी पुढे होतात, कारण चौदा ठिपके दहा ओळी त्यांना घरी दारासमोर काढून माहीत असते. सर्वांत डावा ठिपका २० अंश पूर्व रेखांशाचा, उजवा १५० चा. वरची ओळ ३० अंश उत्तर, खालची ६० अंश दक्षिण. वरून चौथी ओळ विषुववृत्त, ती लाल करा.

एक फसवणूक मात्र पोरांना आधीच सांगून टाका. पृथ्वी गोल, मैदान सपाट. मोसंबी सोलून फोड दाखवा, मधे फुगीर आणि टोकाला निमुळती. रेखांशांमधलं अंतरही तसंच दक्षिणेकडे कमी होत जातं आणि ६० अंशावर निम्मं उरतं. आपले ठिपके तिथेही तेवढेच लांब आहेत, म्हणून खालचा समुद्र खऱ्यापेक्षा रुंद दिसतो. हे सांगितलं नाही तर एखादं हुशार पोर वितीने मोजून तुम्हालाच खोटं पाडतं.

आता खुंटी. दुसऱ्या ओळीच्या एक वीत वर, सहाव्या आणि सातव्या ठिपक्याच्या मधोमध. २१ अंश उत्तर, ७५ अंश पूर्व. हे आपलं गाव. ती घट्ट ठोका.

पहिली रेघ तापीची

नकाशा काढणारे कन्याकुमारीपासून सुरुवात करतात. मी तापीपासून करते. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहणारी ही नदी हतनूर आणि उकाईची धरणं ओलांडून सुरतेपाशी खंभातच्या आखातात उतरते. खुंटीपासून डावीकडे जेमतेम अडीच वीत. पहिल्या वर्षी ही रेघ काढत असताना मागून आवाज आला, "मॅडम, आपली तापी तठेच जास का?" हो, तिथेच. पोळ्याला बैल धुतलेलं पाणी, उकाईच्या दारांतून सुटलं तर, खंभातचं आखात, अरबी समुद्र, हिंदी महासागर. डुमसला जाऊन आलेलं पोर त्या जागी नेऊन उभं करा. त्याला तिथून हलावंसं वाटत नाही.

मग किनारे. नकाशासंग्रहातला एक चौकोन बघायचा, मैदानावरचा तोच चौकोन भरायचा. पश्चिम किनाऱ्याने खाली कन्याकुमारी (८ अंश), बाजूला श्रीलंका. पुन्हा वर येऊन अरबस्तान, आफ्रिकेचं शिंग, आणि तिथून लांबलचक उतार सर्वांत डाव्या ठिपक्यांपर्यंत. आफ्रिकेच्या टोकाला सगळे केप ऑफ गुड होप लिहितात. ते चूक. सर्वांत दक्षिणेचं टोक आहे केप अगुल्हास, आणि अटलांटिक व हिंदी महासागराची सीमा तिथून खाली जाणाऱ्या २० अंश पूर्व रेखांशावर धरतात. उजवीकडे गंगेची मुखं, ब्रह्मदेश, सुमात्रा, जावा, ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा, टास्मानिया. खाली ६० अंशावर जमीनच नाही, तिथे तुटक रेघ. जुन्या पुस्तकांत महासागर अंटार्क्टिकापर्यंत नेलेला असतो. आता बहुतेक नकाशे इथे थांबवून पुढच्या पाण्याला दक्षिण महासागर म्हणतात. दोन्ही नकाशे पोरांना दाखवा. पाण्यावरची सीमा माणसांनी ठरवलेली असते हे त्यांना शेताच्या बांधामुळे लगेच कळतं.

काढून झालं की सगळ्यांना वरच्या बाजूला उभं करून एकच गोष्ट बघायला सांगते. खाली हा समुद्र उघडा, वर आशिया खंडाने बंद. अटलांटिक आणि पॅसिफिक वर-खाली लांब पसरलेत, याला मात्र डोक्यावर झाकण आहे. मोसमी पावसाची गोष्ट इथूनच सुरू होते, पण ती सगळ्यात शेवटी.

आकड्यांत फार शिरू नका. क्षेत्रफळ सुमारे ७ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे एकवीस भारत. पृथ्वीवरच्या समुद्रांचा साधारण पाचवा हिस्सा. एवढं पुरे.

खोली दाखवायला भाकरी

"मॅडम, खोल किती?" हा प्रश्न येतोच. त्या दिवशी डब्यात कळण्याची भाकरी न्या. या महासागराची सरासरी खोली पावणेचार किलोमीटरच्या आसपास. आपल्या प्रमाणात ती होते साडेसात मिलिमीटर. एकोणतीस मीटर लांब मैदान आणि पाणी जाड भाकरीएवढं! जावा बेटाच्या दक्षिणेला सुंदा गर्ता आहे, तिथे खोली सात किलोमीटरच्या वर जाते. तिथे एकावर एक दोन भाकऱ्या ठेवायच्या. पोरं हसतात, पण खोल समुद्र हा पृथ्वीवरचा पातळ पापुद्रा आहे हे पुन्हा सांगावं लागत नाही. भाकऱ्या नंतर ज्याच्या डब्यातल्या त्याला परत द्या. माझ्या एकदा कुत्र्याने नेल्या.

तळ काही सपाट नाही. पाण्याखाली डोंगररांगा आहेत. एक उलट्या इंग्रजी वायसारखी, तीन फाट्यांची, आणि दुसरी ९० अंश पूर्व रेखांशाला धरून फूटपट्टीने ओढल्यासारखी जवळजवळ सरळ, सुमारे ५००० किलोमीटर. वाळूची रेघ ओढून मी पुढे सरकते. श्रीलंकेच्या दक्षिणेला मात्र थांबते, कारण तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे समुद्राची पातळीच शंभर मीटरहून जास्त खाली आहे. पाण्याला खळगा! पोरांना हे पटत नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

काळे दगड

बेटांसाठी मी एका वर्षी ज्वारीचे दाणे वापरले. मधल्या सुट्टीत शेजारची शेळी आली आणि मालदीव खाऊन गेली. तेव्हापासून खडी. ती काळीच हवी, आपल्याकडे रस्त्यावर टाकतात ती.

खुंटीपाशी एक खडा ठेवा. मग ७३ अंशाच्या रेषेवर खाली खाली येत लक्षद्वीप, मालदीव, आणि विषुववृत्ताच्या खाली सहा विती चागोस. तिथून डावीकडे झुकत मॉरिशस, आणि शेवटचा खडा रियुनियन बेटावर. सहाव्या ओळीच्या एक वीत खाली, चौथ्या आणि पाचव्या ठिपक्याच्या मधे. आता पोरांना मोजायला लावा. खुंटी विषुववृत्ताच्या किती वर? एकवीस विती. रियुनियन किती खाली? एकवीस विती. लाल रेघेवर आरसा धरल्यासारखं.

खड्यांची ही ओळ मी उगाच लावत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा आजच्या जागेच्या खूप दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या तप्त खडकाच्या झोतावरून तो गेला, तेव्हा लाव्हा थरांवर थर पसरला. तोच दख्खनचा काळा पाषाण. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरात दिसतो, धुळे-नंदुरबारकडे शिवारातून सरळ भिंतीसारखे जाणारे काळ्या दगडाचे कणे दिसतात, आणि आपली कपाशीची काळी माती झिजून झाली ती त्यातूनच. तुकडा पुढे गेला, झोत जागच्या जागी राहिला. मागे खुणा उरल्या: लक्षद्वीप, मालदीव, चागोस. आज तो झोत रियुनियनखाली आहे असं मानतात, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर लाव्हा ओकतो.

हे सांगताना पुठ्ठ्याचा भारत कापून रियुनियनवर ठेवा आणि एका पोराला तो हळूहळू वर सरकवायला लावा. आमच्याकडे दर वर्षी तो सुरतवाला किंवा त्याचा भाऊ हे काम मागून घेतो. एकदा पुठ्ठा वर सरकत असताना मागच्या रांगेतली एक मुलगी उठली, शाळेच्या जोत्याच्या काळ्या दगडाला हात लावून आली आणि काही न बोलता परत जागेवर बसली. मी पुढचं वाक्य विसरले.

चार दरवाजे

आता केळीची खोकी. आपल्या भागातली केळी आखाती देशांत जातात हे पोरांना माहीत असतं, वाट माहीत नसते. साधारण तेरा किलोचं खोकं, शीतकंटेनरमध्ये तेरा-चौदा अंश तापमान. त्याखाली गेलं तर साल काळवंडते, फार वर गेलं तर माल वाटेतच पिकतो. ट्रकने न्हावाशेवा, तिथून जहाज. खोकं डोक्यावर दिलेलं पोर म्हणजे जहाज. मुंबईहून दुबईला जायला होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत शिरायचं. ती अरुंद जागी चाळीस किलोमीटरच्याही आत, आपल्या मैदानावर चार बोटं. जगात रोज वापरलं जाणारं सुमारे एक पंचमांश तेल या चार बोटांमधून बाहेर पडतं. तिथे एका पोराला बोटं धरून बसवा.

दुसरा दरवाजा बाब-अल-मंदेब, तांबड्या समुद्राचं तोंड, सुमारे तीस किलोमीटर. त्याच्या वरच्या टोकाला १८६९ साली खुला झालेला सुएझ कालवा. तिसरा मलाक्काची सामुद्रधुनी, सिंगापूरजवळ तीन किलोमीटरहूनही अरुंद, मैदानावर करंगळीसुद्धा मावत नाही. चीन-जपानकडे जाणारं तेल मुख्यत्वे इथून जातं. चौथा दरवाजा कधीच बंद होत नाही: आफ्रिकेला वळसा. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला तो त्याच वाटेने.

खेळ असा. जहाज युरोपला निघालं की मी मधेच बाब-अल-मंदेबवाल्या पोराला हात आडवे करायला सांगते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा कितीतरी जहाजं अशीच वळली. मग डोक्यावर खोकं घेतलेलं पोर आफ्रिकेच्या कडेकडेने खाली अगुल्हासपर्यंत जातं आणि मैदानाबाहेर पडून पुन्हा वर चालत येतं. बाकीचे मोठ्याने पावलं मोजतात. सुएझची वाट आणि हा वळसा, दोन्हींचे आकडे फळ्यावर लिहून ठेवा. भाडं, डिझेल, दिवस, सगळं त्या दोन आकड्यांवरून त्यांचं तेच बोलायला लागतात. शेतकऱ्यांची पोरं आहेत, भाड्याने माल कसा खाल्ला जातो हे त्यांना शिकवावं लागत नाही.

याच वेळी सुमात्राच्या टोकाला एक पोर उभं करून २६ डिसेंबर २००४ सांगून घ्या. तिथे समुद्रतळाला ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला, लाट दोन-अडीच तासांत तमिळनाडूला आणि सुमारे सात तासांत सोमालियाला पोहोचली. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर २००७ मध्ये आपलं सुनामी इशारा केंद्र सुरू झालं, ते हैदराबादला. तिथूनही समुद्र दिसत नाही, हे पोरांना फार आवडतं.

पाऊस

यासाठी सगळ्यात जास्त वेळ ठेवा. मी जेवणानंतरचे दोन्ही तास ठेवते.

खुंटीला जुन्या साडीची पट्टी बांधा. जानेवारीत ती साधारण दक्षिण-पश्चिमेकडे फडफडते, कारण वारा उत्तर-ईशान्येकडून येतो, जमिनीकडून समुद्राकडे. कोरडा. उन्हाळ्यात झाकण तापतं. आशियाची जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिथे हवेचा दाब कमी होतो. आणि दक्षिणेला, मॉरिशस-रियुनियनच्या खालच्या बाजूला, हवेचा दाब जास्त असतो. त्या पट्ट्याला मस्करीन उच्चदाब म्हणतात, त्याच बेटांच्या समूहावरून. तिथून वारे निघतात, वायव्येला आफ्रिकेच्या दिशेने येतात, केनिया-सोमालियाजवळ लाल रेघ ओलांडतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून आपल्यावर येतात. वाटेत समुद्रावरची वाफ उचलतात. सोमालियाच्या किनाऱ्याचा सागरी प्रवाहसुद्धा या वाऱ्याबरोबर वर्षातून दोनदा उलटतो.

दहा पोरांच्या हातात निळी रांगोळी देऊन त्यांना शेवटच्या काळ्या खड्यापासून पळवा. खाली डावीकडून वर, रेघ ओलांडली की उजवीकडे वळण. सह्याद्रीपाशी निम्म्याहून जास्त मुठी रिकाम्या करायला लावा, उरलेलं घेऊन खुंटीपाशी या. आपल्याकडे पाऊस कमी का, हे त्या उरलेल्या मुठीत दिसतं. मग आणखी चार पोरं बंगालच्या उपसागरातून, ओडिशा आणि मध्य प्रदेशावरून आणा. आपले खरे झडीचे दिवस बऱ्याचदा त्या बाजूच्या कमी दाबाच्या पट्ट्यांनी येतात. केरळात १ जून, आपल्याकडे जूनचा मध्य. मधल्या पंधरा दिवसांत ठिबकवर कपाशी लावून बसलेल्यांचं काय होतं, ते पोरं घरी ऐकतात.

मोठ्या वर्गाला एक गोष्ट जास्त सांगते. काही वर्षी महासागराचं आफ्रिकेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम आणि सुमात्राकडचं थंड राहतं. शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये याला हिंदी महासागरीय द्विध्रुव असं नाव दिलं. पश्चिमेला लाल रांगोळी, पूर्वेला निळी. असं झालं की सहसा आपल्या पावसाला हात मिळतो. १९९७ मध्ये पॅसिफिकमध्ये जबर एल निनो होता, दुष्काळाची भीती होती, तरी देशाचा पाऊस सरासरीच्या जवळ राहिला, त्यात याचा वाटा मानतात. २०१९ मध्येही हा प्रकार फार जोरात होता. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात क्यार आणि महा अशी दोन वादळं पाठोपाठ उठली. परतीच्या पावसात आमच्या घरची कपाशी बोंडातच भिजली आणि खळ्यातली ज्वारी काळी पडली. म्हणून "हात मिळतो" म्हणताना मी जरा थांबते. एका पोराने विचारलंच होतं, "मंग चांगला शे का वाईट शे?" मी त्याला महिना विचारला. जूनमध्ये चांगला, कापूस वेचणीला वाईट.

आवराआवर

संध्याकाळी झाडू नका. मुख्याध्यापक कुरकुरतील, करू द्या. रांगोळी आठ-दहा दिवस राहते आणि पोरं मधल्या सुट्टीत आपोआप महासागरावर खेळतात. लंगडी घालत मलाक्का ओलांडणं हा आमच्याकडे स्वतंत्र खेळ झाला आहे. खडी मात्र उचलून डब्यात ठेवा, पुढच्या वर्षी लागते.

खुंटी काढू नका, आणि रियुनियनच्या जागी एक मोठा दगड अर्धा पुरून ठेवा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी खुंटीला पुन्हा साडीची पट्टी बांधा. जानेवारीत ती एका बाजूला होती, आता दुसऱ्या बाजूला फडफडते. पोरांना पट्टीच्या उलट दिशेला तोंड करून उभं राहायला सांगा, म्हणजे वारा तोंडावर येईल. गेल्या वर्षी सगळी तशी उभी होती आणि एक जण वाकून खाली पुरलेल्या दगडाकडे बघत होता, तिथून काही निघालंय का म्हणून.